उलटा टांगलेला नकाशा

बाबांना हॉस्पिटलमधून घरी न्यायचं त्या दिवशी लिफ्ट लवकर येईना. बाबा व्हीलचेअरमध्ये, आई औषधांची पिशवी छातीशी धरून उभी, आणि मी खुर्चीच्या मागे. शेजारच्या भिंतीवर त्या मजल्याचा नकाशा लावला होता. वॉर्ड, तपासणीच्या खोल्या, जिने, आणि मधोमध ‘आपण इथे आहात’ असा हिरवा ठिपका. बाबांनी त्याच्याकडे पाहिलं आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. मेंदूला झटका आल्यापासून ती आठी मी पाहिली नव्हती.

“कोणी काढलाय हा?” ते म्हणाले. “ठिपका पार कडेला लोटून ठेवलाय. अर्धाच मजला काढलाय. ह्याला पगार देतं कोण?”

माझा जीव भांड्यात पडला. वाईट नकाशा दिसला की बाबा चिडतात, आणि चिडले म्हणजे बरे झाले, असा माझा सरळ हिशेब. आयुष्यभर त्यांनी नकाशे काढले आणि उरलेल्या वेळात दुसऱ्यांच्या नकाशांवर चरफडले. बसस्टॉपवरचा असो, बागेच्या फाटकावरचा असो, त्यांच्या तावडीतून एकही सुटला नाही. त्यांच्याबरोबर फिरायला जाणं म्हणजे डोक्याला ताप होता. पण त्या दिवशी आई हसली, मीही हसले.

मग मी सहज नकाशाकडे पाहिलं. बोर्ड भरलेला होता. उजवीकडे जेवढ्या खोल्या तेवढ्याच डावीकडे, ठिपका बरोबर मधे, खुणांची सूची खालच्या मोकळ्या जागेत. चांगला नकाशा होता. मी काढला असता तर बाबांनी पाठ थोपटली नसती, पण खोटही काढली नसती. लिफ्ट आली. मी खुर्ची आत ढकलली.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच डॉक्टरबाईंना भेटायला गेले. त्यांनी कागद घेतला, मधे रेघ मारली आणि डावा अर्धा भाग हाताने झाकला. “डोळे चांगले आहेत,” त्या म्हणाल्या. “मेंदू दखल घेत नाही. डावीकडे त्यांना अंधार दिसतो असं समजू नका. त्यांच्या लेखी ती बाजूच नाही. आपल्या डोक्यामागे काय आहे ते आपल्याला दिसत नाही, आणि त्याची उणीवही भासत नाही ना? तसं.”

“मग त्यांना कळणार कसं?”

“सांगायचं. पुन्हा पुन्हा सांगायचं, मान डावीकडे वळवायची सवय लावायची. हे सुरुवातीचे महिनेच कामाचे. तुम्ही घरातले झाकत राहिलात तर ते असेच राहतील. एकट्याने रस्ता ओलांडता येणार नाही. कामाचं तर नावच काढू नका.”

झाकत राहिलात, हे त्यांनी उगाच म्हटलं नव्हतं. त्यांनी आईला पाहिलं होतं.

झाकपाक करण्यात आमच्या आईचा हात धरणारा कुणी नाही. बाबा ताटातलं उजवीकडचं तेवढं संपवायचे आणि “वाढतेस की मोजतेस?” म्हणून कुरकुर करायचे. आई काही न बोलता ताट अर्धं फिरवायची. बाबांना वाटायचं, दुसऱ्यांदा वाढलं. “आता कसं,” म्हणत ते पुन्हा जेवायला लागायचे. दाढी ते एकाच गालाची करत. आई “जरा राहिलंय” म्हणून वस्तरा हातात घ्यायची आणि दुसरा अख्खा गाल उरकायची. सदऱ्याची डावी बाही लोंबत राहिली की पाठीवरून हात फिरवल्यासारखं करून त्यांचा हात आत घालायची. बाबांना ताकास तूर लागू देत नव्हती. चार दिवसांत हे सगळं तिच्या इतकं अंगवळणी पडलं की तिला पाहून वाटावं, सगळ्याच घरांत ताटं अशीच फिरवतात.

मी सांगून पाहिलं. समोर बसले आणि म्हटलं, “बाबा, तुम्हाला डावीकडचं दिसत नाही.”

“दिसतं की.”

“नाही दिसत.”

“बरं, काय दिसत नाही ते सांग.”

मी म्हटलं, पाण्याचा तांब्या. तांब्या ऐकल्यावर त्यांनी चाचपडत मान वळवली, तांब्या सापडला, आणि “हा काय,” म्हणून तो माझ्यापुढे ठेवला. वादात मी त्यांना आजवर एकदाही हरवलं नव्हतं. एक-एक डोळा मिटून त्यांनी भिंतीवरचं घड्याळ वाचून दाखवलं. मग मलाच म्हणाले, चष्म्याचा नंबर तपासून घे.

व्यायाम शिकवायला एक बाई यायच्या. त्यांनी जेवणाच्या टेबलाच्या डाव्या कडेला लालभडक चिकटपट्टी लावली. वाचताना, जेवताना, लाल पट्टी दिसेपर्यंत मान वळवायची, असा नियम. बाबांना ती पट्टी कितीतरी दिवस दिसलीच नाही. मी एकदा त्यांची हनुवटी धरून चेहरा तिकडे वळवला तेव्हा दिसली.

“हे लाल कशाला चिकटवलंय?” ते म्हणाले. “नजर सगळी तिकडेच जाते.”

“जात नाही ना बाबा. तीच तर पंचाईत आहे.”

“कसली पंचाईत?”

तेवढ्यात आई चहा घेऊन आली आणि विषय बुडाला. आईला विषय कुठे बुडवायचा हे बरोबर कळतं.

आमचं ऑफिस शाळांसाठी भिंतीवरचे नकाशे छापतं. आमचं म्हणजे माझंही. बाबांच्या शेजारच्या टेबलावर बसून मी काम शिकले, आणि शिकले म्हणजे बोलणी खाल्ली. आता सगळं काम कॉम्प्युटरवर होतं, पण कागदावर कुठे काय बसवायचं हे बाबा आधी पेन्सिलीने ठरवत आणि मग आम्ही बाकीचे हात लावत. नवीन माणूस आला की तो उत्तरेचा बाण नक्षीदार काढायचा. बाबा म्हणायचे, “उत्तर दाखवायची आहे, वरात काढायची नाही.” प्रमाणपट्टी कुणी ठळक केली की म्हणायचे, “ती शोधणाऱ्याला सापडली की झालं. न शोधणाऱ्याच्या डोळ्यात कशाला खुपवायची?” लाल रंगावर त्यांचा जुना राग. लाल भांडखोर आहे, एकदा कागदावर घेतला की दुसऱ्या कुणाचा आवाज ऐकू येत नाही, असं त्यांचं मत. जमिनीचा रंग फिकट, म्हणजे वरची गावं आणि रस्ते उठून दिसतात. नदीचं नाव नदीच्या वळणाने लिहायचं. गावाचं नाव ठिपक्याच्या उजव्या खांद्यावर. नकाशातला मुख्य भाग कागदाच्या बरोबर मधे नाही, किंचित वर, कारण बरोबर मधे ठेवलेली वस्तू घसरल्यासारखी दिसते. आणि मोकळी जागा. मोकळ्या जागेवर ते तासभर बोलू शकत. “मोकळी जागा असावी,” ते म्हणायचे, “पण तिला काहीतरी काम दिलेलं असावं. नुसती राहून गेलेली नसावी.”

ह्या सगळ्यावर त्यांचा एक शेवटचा नियम होता. पुरा झालेला नकाशा ऑफिसच्या दारासमोरच्या भिंतीवर उलटा टांगायचा, वरची बाजू खाली. बाबा दारात उभे राहून बघत. सुलट्या नकाशात डोळा नावं वाचत बसतो आणि फसतो, असं ते म्हणत. उलट्यात वाचता काही येत नाही, नुसती वजनं दिसतात. कुठली बाजू जड झाली, कुठला कोपरा ओस पडला, ते तिथल्या तिथे कळतं. मला सुरुवातीला हे थोतांड वाटलं होतं. मग माझाच एक नकाशा उलटा टांगला, आणि तो एका बाजूला असा कलंडलेला दिसला की मी स्वतः जाऊन उतरवला. ह्या परीक्षेशिवाय आमच्याकडून एकही नकाशा छापायला जात नसे. एकदा तारीख दिलेली असताना, मालक डोक्याला हात लावून बसलेले असताना, तळ्याचा निळा कोपऱ्यात फार जड झाला म्हणून बाबांनी अख्खा नकाशा माघारी पाठवला होता.

झटका आला तेव्हा बाबांनी आमच्या खोऱ्याचा नकाशा नुकताच हातात घेतला होता. नदी, तिला येऊन मिळणारे ओढे, दोन्ही काठांची गावं, प्रत्येक गावातली शाळा. आमच्या नकाशांवर फक्त ऑफिसचं नाव छापतात, माणसाचं नाही. पण हा झाला की बाबा निवृत्त होणार होते, म्हणून मालकांनी कबूल केलं होतं की ह्याच्या खालच्या कोपऱ्यात बाबांचं नाव येईल. बाबा त्यावर “बघू” एवढंच म्हणाले होते. पण आईने ते शेजारीपाजारी सगळीकडे सांगितलं होतं.

मालक वयाने माझ्याएवढेच. वडिलांचा धंदा सांभाळायला आले ते बाबांच्या हाताखालीच शिकून. ते घरी येऊन बाबांना भेटून गेले आणि मग मला ऑफिसात बाजूला घेतलं. “खोऱ्याचा कागद मी तसाच ठेवलाय,” ते म्हणाले. “घेऊन जा. काका घरी बसून पुरा करतील. मन रमेल त्यांचं. काही चुकलंमाकलं तर तू आहेसच.”

मी पातळ कागद गुंडाळी करून घरी आणला. गावांच्या जागा मोजून दिलेला आराखडा आणि त्यावर टाकायचा कोरा कागद, दोन्ही. बाबा इतके खूश झाले की आधी मलाच चहा करायला सांगितला, जसा काही मी सण घेऊन आले होते. लाल पट्टी कागदाखाली गेली. ती काढून वर लावावी असं माझ्या मनात आलं, पण आईने माझ्याकडे असं पाहिलं की मी हात मागे घेतला.

पुढचे काही आठवडे घरात बरे गेले. हे मला कबूल करायला आवडत नाही, पण गेले. बाबा सकाळी अंघोळ करून टेबलाशी बसायचे. पेन्सिलीला टोक काढायचे, पुटपुटायचे, खोडायचे. जेवणाबद्दलची कुरकुर थांबली. भेटायला येणारे म्हणायचे, छान सुधारणा आहे. आई कामं करताना स्वतःशीच गुणगुणायची. मी ऑफिसातून आल्यावर कागदाकडे बघायचं टाळायचे. मध्येच थांबवलं तर बाबा रुसतील, आणि पुरा झाल्यावर जे व्हायचं ते होईल, असं मनाशी म्हणत होते. खरं तर हिंमत नव्हती.

एका संध्याकाळी बाबांनी पेन्सिल खाली ठेवली आणि “झाला” म्हणाले. मग तोंड धुवायला उठले. मी दिवा लावला आणि कागद पाहिला.

उजव्या अर्ध्यात सगळं होतं. शीर्षक, सूची, प्रमाणपट्टी, उत्तरेचा बाण, कोपऱ्यातला छोटा नकाशा, पावसात एकाच छपराखाली माणसं उभी राहतात तशी एकमेकांना खेटून. सूची दोन गावांच्या अंगावर बसली होती. नदी कागदाच्या मधोमध, कुठूनही न येता, एकदम सुरू होत होती आणि उजवीकडे वाहत जात होती. तिच्या वरच्या अंगाची गावं नव्हती. तिथल्या शाळा नव्हत्या. डावा अर्धा कागद स्वच्छ पांढरा होता, त्यावर हाताचा डागसुद्धा नव्हता. आणि ह्या सगळ्यात अक्षर मात्र बाबांचं होतं, एकही रेघ थरथरलेली नाही. नदीचं नाव नदीच्या वळणाने लिहिलेलं. गावांची नावं ठिपक्यांच्या उजव्या खांद्यावर. ते सगळं वाईट काढलेलं असतं तर मला इतकं रडू आलं नसतं.

मी कागद दुसऱ्या दिवशी मालकांना दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले. मग चष्मा काढून पुसला. “तू कॉम्प्युटरवर नीट बसव,” ते म्हणाले. “डावी बाजू भर, सगळं सोडवून मांड. खाली काकांचं नाव घालू. छापून आला की घेऊन जाऊ त्यांच्याकडे. कुणाला कळणार आहे?”

“त्यांना.”

“त्यांनाच कळणार नाही,” मालक म्हणाले, आणि लगेच खिडकीबाहेर बघायला लागले.

कागद परत घेऊन घरी आले. आईला सांगितलं तेव्हा तिला हे आधीच माहीत होतं. मालकांनी फोन केला होता. स्वयंपाकघरात आम्ही हळू आवाजात भांडलो.

“त्यांच्यापाशी आता राहिलंय काय?” आई म्हणाली. “एक नकाशा. तोही काढून घे.”

“मी काढलेला नकाशा त्यांच्या नावावर घालायचा?”

“मग घाल. तुला कुणी शिकवलं?”

“आई, डॉक्टर काय म्हणाल्या ते मी तुला सांगितलंय. आपण असंच करत राहिलो तर ते कधीच वळून बघणार नाहीत. कामावर जायचं म्हणतात ते. उद्या एकटे रस्त्यावर उतरले तर?”

“मी आहे ना.”

“किती दिवस ताट फिरवशील तू?”

“जमेल तितके,” आई म्हणाली, आणि भाजी हलवायला लागली. भाजी केव्हाच शिजली होती.

माझ्या ओठांवर आलं होतं की हे प्रेम नाही, ही सोय आहे. बोलले नाही. आणि बरं झालं, कारण ते खरं नव्हतं. प्रेमच होतं ते. त्यानेच तर माझा संताप होत होता, कारण नुसती सोय असती तर मी तिच्यावर मनसोक्त ओरडले असते.

सुट्टीच्या दिवशी दुपारी बाबांनी हाक मारली. “अगं, उलटा टांगून बघितलास का?”

मी आणि आई दोघीही दारात येऊन उभ्या राहिलो. मी ह्या प्रश्नाची वाट बघत होते आणि तो येऊ नये असंही मला वाटत होतं. बाबा खुर्चीत बसले होते, गुंडाळी मांडीवर.

“अहो, घरात कशाला?” आई म्हणाली. “ऑफिसात बघतील की ते लोक.”

“ते लोक काय बघणार? मी बघितल्याशिवाय आजवर एक तरी गेलाय का छापायला?”

“खिळाच नाहीये घरात.”

“कॅलेंडर काढा. त्या खिळ्याला टांगा.”

आईचे बहाणे संपले. बाबा काठी टेकत उठले, कारण नकाशा दारातूनच बघायचा असतो. दाराशी जाताना त्यांचा डावा खांदा चौकटीवर आपटला. “ही चौकट पुढे आलीय,” ते म्हणाले. घरी आल्यापासून चौकट रोजच पुढे येत होती. आईने तिथे एक उशी बांधून ठेवली होती, ती त्यांच्या लक्षातही नव्हती.

मी कॅलेंडर काढलं. कागदाला चिमटा लावत होते तेव्हा आई माझ्याजवळ आली आणि कानाशी म्हणाली, “सुलटाच लाव. त्यांना काय कळतंय.”

ते तिच्या तोंडून निघून गेलं, आणि निघून गेल्यावर तिलाच लागलं. तिने पदराचा बोळा करून तोंडावर धरला. ज्या माणसाला कागदाकडे दारातून एक नजर टाकून तळं जड झाल्याचं कळायचं, त्याच्याबद्दल आम्ही त्याच्याच घरात असं कुजबुजत होतो. आणखी थोडे महिने गेले असते तर मीही तेच म्हटलं असतं, आणि मला लागलंही नसतं. मी कागद उलटा केला आणि टांगला.

आता नदी, गावं, शीर्षक, सगळं डावीकडे गेलं. उजवीकडे पांढरा कागद.

बाबा बघत उभे राहिले. मी बाजूला झाले.

“टांग की,” ते म्हणाले.

“टांगलाय, बाबा.”

“हा कोरा कागद आहे.”

“नाही.”

“मला शिकवू नकोस. हा कोरा आहे. माझा नकाशा कुठे ठेवलास?” त्यांचा आवाज चढला. “महिनाभर बसून केलाय मी तो. कुठे आहे?”

मी चिमटा काढला, कागद सुलटा केला आणि धरला. त्यांचा चेहरा निवळला. “हा. हाच. मग मघाशी काय थट्टा चालवली होतीस?”

“बघा हं,” मी म्हटलं, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत, सावकाश, तोच कागद फिरवला. त्यांची नजर माझ्या हातांवर होती. नकाशा फिरत वर गेला, डावीकडे सरकला, आणि कुठे गेला ते त्यांना कळलं नाही. त्यांनी खालच्या जमिनीकडे पाहिलं, जसा तो गळून पडला असावा.

“पुन्हा,” ते म्हणाले.

मी पुन्हा फिरवला. सुलटा, मग उलटा. ते “पुन्हा” म्हणत राहिले आणि मी फिरवत राहिले. चूक शोधताना त्यांचा चेहरा व्हायचा तसा झाला होता. ऑफिसात तो चेहरा दिसला की आम्ही घरी उशीर होईल म्हणून कळवून टाकायचो, कारण चूक सापडल्याशिवाय ते उठत नसत. शेवटी ते काठी टेकत भिंतीपाशी आले, उजवा हात पुढे केला आणि म्हणाले, “धर. आणि ने तिकडे.”

मी त्यांचं बोट कागदावरून डावीकडे नेलं. ते पेन्सिल नेहमी दाबून चालवतात, पातळ कागदावर रेघेची खाच पडते. बोट खाचेला लागलं आणि थांबलं.

“नदी?”

“नदी. तिच्याखाली सूची. इथे शीर्षक.”

“सगळं इकडेच?”

“हो.”

“आणि दुसऱ्या बाजूला काही नाही.”

“नाही.”

त्यांनी बोट काढून घेतलं. “उतरव. हा छापायला जायचा नाही.”

“अहो, ती नीट करून देईल की,” आई म्हणाली. ती डावीकडून बोलली, बाबांनी उत्तर दिलं ते उजवीकडच्या भिंतीला.

“नीट केला तर तो तिचा नकाशा. तिचं नाव घाला.” हे त्यांनी ऑफिसातल्या आवाजात सांगितलं, कुणाचा नकाशा माघारी पाठवताना सांगायचे तसं. राग नव्हता त्यात. असता तर मला बरं वाटलं असतं.

मी त्यांना खुर्चीत बसवलं. कागद गुंडाळला, पण कुठे ठेवावा ते सुचेना, हातातच धरून बसले. आई तिच्या जागी जाऊन बसली. बाबा समोरच्या रिकाम्या खिळ्याकडे बघत होते.

“ह्या खोलीत,” त्यांनी विचारलं, “तिकडे आणखी काय काय आहे?”

मला वाटलं, ऐकलंच नाही असं करावं. पण सुरुवात मीच केली होती. “भिंत,” मी म्हटलं. “मग खिडकी. खिडकीत तुमची औषधं.”

“पुढे.”

“पुस्तकांचं कपाट.”

“पुढे.”

“आई.”

बाबांनी काठी मांडीवर घेतली. मग म्हणाले, “आत्ता येऊन बसली?”

“रोज तिथेच बसते. तुम्ही घरी आलात तेव्हापासून. तुमच्या खुर्चीला खुर्ची लावून.”

“मला वाटलं, स्वयंपाकघरात असते,” बाबा म्हणाले. “मला वाटलं, मी आजारी पडल्यावर हिला माझ्याजवळ बसवत नसेल.”

आईला हुंदका फुटला. ती उठली, लगबगीने त्यांच्या उजव्या बाजूला यायला निघाली, जसं ताट फिरवायची तसं आता स्वतःलाच फिरवायला. बाबांनी काठी आडवी धरली.

“उठू नकोस,” ते म्हणाले. “बस तिथेच. मी बघतो.”

आई बसली. बाबांनी खुर्चीचा हात घट्ट धरला आणि मान वळवायला घेतली. व्यायामाच्या बाईंना त्यांनी इतक्या दिवसांत हे एकदाही करून दिलं नव्हतं. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. नजर भिंतीवरून सरकत खिडकीपर्यंत गेली, तिथे अडकली. त्यांना वाटलं, जग तिथे संपलं.

“आलो?” त्यांनी विचारलं.

“आलात,” आई म्हणाली.

बाबा थोडा वेळ खिडकीतल्या औषधांच्या बाटल्यांकडे बघत राहिले. मग मान न हलवता मला म्हणाले, “तू सांग.”

आई माझ्याकडे बघून मानेनेच हो म्हण, हो म्हण करत होती.

“नाही, बाबा,” मी म्हटलं. “अजून बरंच पुढे आहे.”